चार पानांची माफी

प्रिय ताई,

मी नाशिकला अकरावी सायन्सला आहे. पाचवीपासून माझी एकच जिवलग मैत्रीण. तिच्या घराच्या गच्चीवर बसून, एक इअरफोन तिच्या कानात आणि एक माझ्या, असे आम्ही किती ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका आणि चित्रपट, पाहिले याची गणतीच नाही. कॉलेजात मला नवा ग्रुप मिळाला. तिलाही मीच त्यात घेतलं. पण ती होती तशीच राहिली. वहीत चित्रं काढायची, बोलता बोलता जपानी शब्द टाकायची. ग्रुपला ती 'क्रिंज' वाटायची. मी ॲनिमे बघते हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं.

ती जपानी गाणं म्हणतेय असा एक जुना व्हिडिओ माझ्याकडे होता. मी तो ग्रुपमधल्या एकीला दाखवला, पाठवलाही. तिने त्याचा स्टिकर करून ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी हसणारे इमोजी टाकले. मीही टाकला. मग माझ्या मैत्रिणीनेही टाकला. दुसऱ्या दिवशी ती ग्रुपमधून बाहेर पडली. दोन महिने आमचा अबोला आहे. व्हिडिओ कुणी दिला हे तिला कळलंय की नाही, मला माहीत नाही. स्टिकर अजून फिरतोय.

मी तिला चार पानी पत्र लिहिलंय, त्याचे फोटो सोबत पाठवते. पुढच्या आठवड्यात तिचा वाढदिवस आहे. गच्चीवर जाऊन ते वाचून दाखवायचं, सगळं खरं सांगायचं असं ठरवलंय. ॲनिमेत असं झालं की दोघी रडतात आणि सगळं ठीक होतं. माझं होईल का? शिवाय ग्रुपमध्ये मी वेगळी, घरी वेगळी, तिच्यासोबत वेगळी. मग खरी मी कोणती? आई म्हणते, कार्टून बघून बघून तुझ्या डोक्यात नाटकं शिरलीत. तिची चित्रांची एक वही अजून माझ्याकडेच आहे.

— गच्चीवरची


प्रिय गच्चीवरची,

वाढदिवस तोंडावर आहे म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते. ते पत्र वाढदिवसाला वाचून दाखवू नकोस. त्या दिवशी तिच्या घरी चार माणसं असतील, तिची आई 'अगं, किती दिवसांनी आलीस' म्हणून तुला आत घेईल, आणि तुझ्या मैत्रिणीला सगळ्यांसमोर कुठलातरी चेहरा करून उभं राहावं लागेल. नको म्हणायला तिला जागाच उरणार नाही. वर्षातला तो एक दिवस तिचा आहे, तो तिच्याकडेच राहू दे.

आता आईबद्दल. आईला दोष देऊ नकोस. तुझ्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं तिला दिसतात आणि हातातला मोबाइल दिसतो, तिने दोन्हींची सांगड घातली. पण 'नाटकं' हा शब्द मला पटत नाही. गेली बरीच वर्षं मी शाळेत समुपदेशनाचं काम करते. माझ्यासमोर बसणारी मुलं घरात कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगायच्या आधी हमखास विचारायची, "तुम्ही अमुक ॲनिमे पाहिलाय का?" म्हणून मी ते बघायला लागले, आणि मग स्वतःसाठी बघत राहिले. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या मनातल्या लाजेबद्दल इतक्या बारकाईने बोलणारं फार थोडं मी वाचलं-पाहिलं आहे. तेव्हा तू योग्य ठिकाणी उत्तर शोधते आहेस. फक्त मला वाटतं, त्यातलं चुकीचं दृश्य उचलते आहेस.

तुझ्या डोळ्यांसमोर गच्ची आहे, वारा आहे, संध्याकाळचा केशरी उजेड आहे, आणि एकजण ओरडून खरं बोलतोय. हे दृश्य जपानी शालेय कथांमध्ये इतक्यांदा का येतं, त्यामागे कारण आहे. तिथे मनातल्या खऱ्या भावनेला 'होन्ने' म्हणतात आणि चारचौघांत दाखवायच्या वागण्याला 'तातेमाए' म्हणतात. आजूबाजूचा रोख ओळखून गप्प बसण्याला 'हवा वाचणं' म्हणतात, आणि ज्याला हवा वाचता येत नाही त्याची वर्गात पंचाईत होते. जिथे वर्षभर सगळे हवा वाचत बसलेले असतात, तिथे कुणीतरी एकदा घसा फोडून बोललं की प्रेक्षकाच्या काळजाला हात घातला जातो. आपल्याकडे वेगळी तऱ्हा. आपण भांडताना मोठ्याने बोलतो, प्रेम जेवायला वाढून दाखवतो, आणि 'चुकलं माझं' हे दोन शब्द मात्र घशात अडकतात. 'सॉरी' पटकन निघतं, कारण ते कुठे टोचत नाही.

'अ सायलेंट व्हॉइस' तू पाहिला असशीलच. तुझ्या पत्राच्या तिसऱ्या पानावर त्यातले मुलगा-मुलगी जिथे भेटत राहतात त्या पुलाचा उल्लेख आहे. नाओको यामादा यांनी दिग्दर्शित केलेला, क्योतो ॲनिमेशनचा 2016 चा चित्रपट. योशितोकी ओइमा यांच्या सात खंडांच्या मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून, केलेला. तो परत बघ, पण या वेळी पुलावर थांबू नकोस. सुरुवातीची वीस-पंचवीस मिनिटं बघ.

सहावीच्या वर्गात शोको निशिमिया ही ऐकू न येणारी मुलगी येते. ती एक वही पुढे करते, यात लिहून माझ्याशी बोला म्हणते. शोया इशिदा तिची श्रवणयंत्रं हिसकावतो, खिडकीबाहेर फेकतो. पाच महिन्यांत आठ यंत्रं जातात. मुख्याध्यापक वर्गात चौकशीला येतात तेव्हा सगळा वर्ग एकट्या शोयाकडे बोट दाखवतो आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचीच पाळी येते. त्याच्या आईला 17 लाख येन भरून द्यावे लागतात. पुढे हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात तो शोकोला शोधत जातो. जाण्याआधी त्याने सामान विकलेलं असतं, काम करून ते 17 लाख जमवून झोपलेल्या आईच्या उशाशी ठेवलेले असतात. म्हणजे त्याचीही माफी तुझ्या चार पानांसारखीच आहे. एकदा सगळं बोलून टाकायचं, हिशेब चुकता करायचा आणि संपवायचं. त्याला तर स्वतःलाच संपवायचं होतं.

आणि तिथे काय होतं बघ. तो शोकोसमोर उभा राहतो आणि ठरवलेलं काहीच नीट जमत नाही. ती त्याला बघून पळते. तो तिची जुनी वही परत देतो. आणि मग हातांनी बोलतो. या पाच वर्षांत तो सांकेतिक भाषा शिकलेला असतो. लहानपणी शोकोने त्याचा हात धरून एक खूण केली होती, त्या वेळी त्याला ती विचित्र वाटली होती. तीच खूण आता तो करतो: आपण मैत्री करू शकतो का? तिने तेव्हा काय विचारलं होतं, हे त्याला त्या क्षणी कळतं.

मला या चित्रपटातलं सगळ्यात मोठं वाटतं ते हेच. त्याने आधी तिची भाषा शिकून घेतली, आणि त्याला काही महिने नव्हे, वर्षं लागली. मनातलं खरं बोलायची हिंमत त्याच्यात नंतर आली.

तुझी मैत्रीण मराठीच बोलते, तिची वेगळी भाषा कुठली, असं तू म्हणशील. आहे ना. तिने हसणारा इमोजी टाकला. शोकोसुद्धा हसते. वर्गात तिची थट्टा होते तेव्हा ती हसते, 'माफ करा' म्हणते, आणि तिचं ते हसणं बघून वर्गातल्या नाओका उएनोसारख्या मुलीचा अधिकच संताप होतो. त्या हसण्याचा अर्थ वर्गात कुणालाच लागला नाही. तुला त्या रात्री इमोजी दिसला तेव्हा तू काय वाचलंस? 'हिलाही गंमत वाटली' असं वाचून तू मोबाइल बाजूला ठेवलास का? दुसऱ्या दिवशी ती ग्रुपमधून गेली, तेव्हा तो इमोजी परत वाचलास का? तुझ्या चार पानांत त्याबद्दल एकही ओळ नाही. मी शोधली.

ती चारही पानं मी दोनदा वाचली. तू मनापासून लिहिलं आहेस, त्यात खोटं काही नाही. पहिल्या पानावर तुला झोप येत नाही. दुसऱ्या पानावर तुला नवा ग्रुप का हवा होता ते आहे, गावाबाहेरच्या घरातून कॉलेजात आल्यावर किती बुजल्यासारखं झालं ते आहे. तिसऱ्यावर गच्चीच्या आठवणी. व्हिडिओ मी दिला हे वाक्य चौथ्या पानाच्या शेवटी, दोन ओळींत, आणि लगेच पुढे 'प्लीज माझ्याशी बोल, नाहीतर मला सहन होणार नाही.' आता तू तिच्या जागी गच्चीवर उभी राहून हे ऐक. पत्र संपेपर्यंत तिने काय करायचं आहे? तुझे डोळे पुसायचे आहेत.

हे मला कसं दिसलं ते सांगते. अकरावीतच होते मी, वसतिगृहात. खोलीतल्या मैत्रिणीने विश्वासाने सांगितलेली तिच्या घरची गोष्ट मी दुसऱ्या खोलीत बोलले. ती गोष्ट सगळीकडे झाली. मला अपराधी वाटलं, फार वाटलं, आणि एका रात्री मी तिच्या पलंगावर बसून तासभर बोलत राहिले. मी किती वाईट आहे, माझं काय चुकतं, मला झोप कशी लागत नाही. ती मला म्हणाली, "जाऊ दे गं, रडू नकोस." पाणी आणून दिलं. मी हलकी होऊन झोपले. सकाळी उठले तर ती खिडकीशी बसलेली होती, झोपलेलीच नव्हती. तिच्या घरची गोष्ट सगळ्या वसतिगृहाला कळली होती, आणि रात्रभर तिने मला सांभाळलं होतं. त्या वर्षानंतर आमचा संपर्क राहिला नाही. आजही मला तो पाण्याचा तांब्या आठवतो.

मराठीत आपण 'मन मोकळं करणं' म्हणतो. फार चांगला शब्द आहे, पण मोकळं केलेलं जे असतं ते कुठेतरी जाऊन पडतं. जिला दुखावलं तिच्या अंगणात ते नेऊन ओतायचं नसतं. ते आईकडे ओत, मावशीकडे ओत, मला पाठवलंस तसं माझ्याकडे ओत. तिच्याकडे जाताना तुझ्या हातात तिच्या उपयोगाचं काहीतरी असायला हवं.

आणि तिच्या उपयोगाची गोष्ट गच्चीवर नाही. ती ग्रुपवर आहे.

जपानमध्ये वर्गातल्या छळावर पुष्कळ अभ्यास झाला आहे. 2013 मध्ये तिथे त्यासाठी वेगळा कायदाही झाला. योजी मोरिता या समाजशास्त्रज्ञांनी वर्गाचे चार थर सांगितले होते: ज्याचा छळ होतो तो, छळणारा, भोवती हसून रंगत वाढवणारे, आणि बघूनही न बघितल्यासारखे करणारे. त्यांचं म्हणणं असं की छळ थांबेल की वाढेल हे बरंचसं या शेवटच्या दोन थरांवर ठरतं. स्टिकर एकीने बनवला, पण तो स्टिकर टिकला तो इमोजींमुळे. तुझा इमोजी त्यातला सगळ्यात जड होता, कारण बाकी कुणी तिच्यासोबत गच्चीवर बसलेलं नव्हतं. हे वाचताना तुला वाईट वाटेल, माहीत आहे मला. पण याच्याच दुसऱ्या बाजूला तुझ्या हातात काहीतरी करण्यासारखं आहे.

'किमी नी तोदोके' या ॲनिमे मालिकेतला मुलींच्या स्वच्छतागृहातला प्रसंग आठवतो? सावाको, जिला वर्गात भुताच्या नावाने हाक मारतात, तिला पहिल्यांदाच यानो आणि चिझू या दोन मैत्रिणी मिळतात. मग त्या दोघींबद्दल घाणेरड्या अफवा उठतात आणि त्या सावाकोनेच पसरवल्या असंही बोललं जातं. सावाको काय करते? दूर होते. माझ्यामुळे त्यांचं नाव खराब होईल म्हणून त्यांच्या भल्यासाठीच गप्प राहते, आणि त्या गप्प राहण्याने त्या दोघींना जास्त लागतं. ज्या दिवशी ती स्वच्छतागृहात अफवा चघळणाऱ्या मुलींसमोर एकटी उभी राहते आणि बोललेलं मागे घ्या म्हणते, त्या दिवशी गाठ सुटते. लक्षात घे, ती त्या वेळी यानो-चिझूसाठी भाषण तयार करून गेलेली नाही. त्या ऐकत आहेत हे तिला ठाऊकही नाही. जिथे बोलायची भीती वाटत होती तिथे ती बोलली.

तुझं स्वच्छतागृह म्हणजे तो ग्रुप. तिथे आज लिही: 'तो व्हिडिओ मी दिला होता, तिला न विचारता. तो स्टिकर कुणी वापरू नका, डिलीट करा. आणि ॲनिमे मीही बघते, तिच्याइतकीच.' एवढंच. समजावत बसू नकोस, उपदेश करू नकोस. जिने स्टिकर बनवला तिला आधी वेगळं फोन करून सांग, चारचौघांत तिला तोंडघशी पाडायचं नाही आहे. काहीजण 'चिल कर' म्हणतील. एखादी तुझाच स्टिकर बनवेल. तसं झालं तर दोन-चार दिवस तू तुझ्या मैत्रिणीच्या जागी असशील. आणि स्टिकर तरीही थांबला नाही, तर वर्गशिक्षकांना सांगायला कचरू नकोस. ही चहाडी नाही, एका मुलीचा चेहरा तिच्या परवानगीशिवाय फिरतो आहे.

हे करून तिला लगेच सांगायला धावू नकोस. 'बघ, मी तुझ्यासाठी केलं' असं झालं की पुन्हा ती देणेकरी.

आता 'खरी मी कोणती' हा प्रश्न. मला तो तितका अवघड वाटत नाही जितका तुला वाटतो. घरी एक, कॉलेजात एक, मैत्रिणीजवळ एक, हे सगळ्यांचं असतं. मीसुद्धा माझ्या सासूबाईंशी बोलते तशी तुझ्याशी बोलत नाही. 'स्किप अँड लोफर' या ॲनिमे मालिकेतली मित्सुमी आठव. नोतो द्वीपकल्पातल्या लहानशा गावातून टोकियोच्या शाळेत येते आणि पहिल्याच दिवशी वाट चुकते, धावत पोचते, भाषण करते आणि शिक्षकांसमोर उलटी करते. तीही टोकियोत वेगळी असते आणि रात्री फोनवर गावच्या फुमीशी बोलताना वेगळी. पण टोकियोतल्या मुलांसमोर चांगलं दिसावं म्हणून ती फुमीला विकत नाही. त्याच कथेतली मिका मला अधिक जवळची वाटते. ती हिशेबी आहे, मत्सर करते, कुणाशी जुळवून घेतल्याने आपला भाव वाढेल हे मोजते, आणि हे सगळं तिला स्वतःबद्दल ठाऊक असतं. त्या जाणिवेने ती हळूहळू सैल होते.

म्हणून चेहरे किती आहेत हे मोजू नकोस. प्रत्येक चेहरा टिकवायला किंमत कोण मोजतंय ते बघ. आईसमोरचा तुझा चेहरा तुझ्याच खर्चाने चालतो. ग्रुपमधली 'ॲनिमे न बघणारी' मुलगी मात्र तुझ्या मैत्रिणीच्या जिवावर उभी होती. जपानी शाळांत मुलं म्हणतात की वर्गात प्रत्येकाला एक 'क्यारा' मिळतो, म्हणजे ठरलेली भूमिका. त्यात एक 'इजिरारे क्यारा' असतो, ज्याची सगळ्यांनी खेचायची आणि त्याने हसून घ्यायची. ती भूमिका कुणीतरी घ्यावीच लागणार होती आणि तुझ्यावर येऊ नये म्हणून तू व्हिडिओ दाखवलास, असं तर नाही? तू 'नुसती गंमत म्हणून' लिहिलं होतंस, पण पत्रात नंतर तो शब्द खोडलेला मला दिसला. तू खोडलास याचं मला बरं वाटलं.

आणि माफी मागून झाल्यावर काय होईल? तुझ्या मनात मिठी आहे. मी तुला दुसरा एक चित्रपट बघायला सांगते, तोही यामादांचाच, 2018 चा 'लिझ अँड द ब्लू बर्ड'. फार शांत आहे, जवळजवळ सगळा शाळेच्या आतच घडतो. मिझोरे ओबो हे फुंकवाद्य वाजवते, नोझोमी बासरी. मिझोरेचं सगळं जग म्हणजे नोझोमी. नोझोमीला पुष्कळ मैत्रिणी. पहिल्या वर्षी नोझोमी मिझोरेला काही न सांगता वाद्यवृंद सोडून गेली होती, ते मिझोरेच्या मनातून जात नाही. शेवटी मिझोरे तिला मिठी मारते आणि तिच्यातलं काय काय आवडतं ते एकेक सांगते: तिचं हसणं, तिचं बोलणं, तिची चाल, तिचे केस. त्यावर नोझोमी म्हणते की मला तुझा ओबो आवडतो. बस. मिझोरेला 'तू आवडतेस' ऐकायचं होतं, आणि नोझोमी जेवढं खरं होतं तेवढंच म्हणाली. मला पहिल्यांदा ते फार कठोर वाटलं होतं. आता वाटतं, त्या दोघी त्याआधी इतक्या खऱ्या कधीच बोलल्या नव्हत्या. पुढे एकीची वाट संगीताकडे जाते, दुसरीची साध्या विद्यापीठाकडे, आणि त्या शाळेतून बरोबर बाहेर पडतात. सुरुवातीला पडद्यावर 'डिसजॉइंट' असा शब्द येतो, शेवटी त्यातलं 'डिस' खोडलेलं असतं. सांधा जुळतो, पण जुन्याच ठिकाणी नाही.

तुझ्या मैत्रिणीचं उत्तरही तुझ्या अपेक्षेएवढं नसेल. कदाचित ती फक्त 'ओके' लिहील. कदाचित निळ्या टिक येतील आणि काहीच नाही. कदाचित चिडेल, व्हिडिओबद्दल तिला आजवर माहीत नसेल तर नक्की चिडेल, आणि तो राग ऐकून घेणं हे तुझं काम आहे. 'पण मी तर खरं सांगितलं ना' असं म्हणू नकोस. शोकोने एकदा शोयाला सांकेतिक भाषा न वापरता, आवाजाने सांगितलं, 'सुकी', तू आवडतोस. त्याने ऐकलं 'त्सुकी', म्हणजे चंद्र, आणि वर बघून हो म्हणाला. इतकी वर्षं भाषा शिकलेल्या मुलाचं असं होतं. एका बैठकीत सगळं पोचेल असं धरून चालू नकोस. त्यांचं जे काही जुळलं ते पुलावर पुन्हा पुन्हा भेटून, पाण्यातल्या माशांना पावाचे तुकडे टाकत जुळलं.

एक गोष्ट मध्येच सांगते, कारण ती सांगायलाच हवी. त्या चित्रपटात दोघांच्याही मनात कधी ना कधी असं येतं की आपण नसतो तर सगळ्यांचं बरं झालं असतं. तुझ्या पत्रात तसं काही नाही, पण दोन महिन्यांची झोप गेलेली आहे. तुझ्या मनात तसं आलं, किंवा तिच्याबद्दल कुणाकडून तसं कानावर आलं, तर ते गुपित ठेवायचं नाही, मग मैत्रीची शपथ असली तरी. आईला उठव, रात्री दोन वाजले असले तरी. 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर कधीही फोन करता येतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आणि आईला 'अ सायलेंट व्हॉइस' दाखव. पटवून द्यायला नको, नुसतं शेजारी बसून बघा. त्यातली शोयाची आई, मुलाने उशाशी ठेवलेले पैसे आणि त्यामागचं त्याचं ठरवणं कळल्यावर सकाळी जेवणाच्या टेबलावर जे करते, ते तुझ्या आईला माझ्यापेक्षा चांगलं समजेल. त्यानंतर तुझी गोष्ट तिला सांगणं सोपं जाईल असं मला वाटतं.

आता पत्राचं. चार पानं फाडू नकोस, कपाटात ठेव. ती तुझी आहेत. तिला पाठवायला एवढं पुरे: 'तो व्हिडिओ मी दिला होता. स्टिकरवर मीही हसले. चुकलं माझं. उत्तर द्यायलाच हवं असं नाही. तुझी वही माझ्याकडे आहे, कुठे आणि कधी देऊ ते सांग.' यात 'पण' नको, 'कारण' नको, रडणारा इमोजी नको. वाढदिवसाच्या दिवशी नको, त्याच्या आदल्या दिवशीही नको. आधी ग्रुपवर लिही, मग दोन-चार दिवस जाऊ देत, मग हे पाठव.

वहीला नवं कव्हर घालू नकोस, आत चिठ्ठी ठेवू नकोस, वर चॉकलेट नको. तिच्या आईकडे किंवा वॉचमनकाकांकडे देऊन येऊ नकोस, तिने तसं सांगितलं तर गोष्ट वेगळी. ती खाली आली तर तिच्या हातात दे. ती वही घेऊन लगेच वळली, तर तिला जाऊ दे. थांबली, तर तू आधी बोलू नकोस.

तुझी,
ताई